वनीचे आकडे

रूपालीनं फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, तुमी निघा." काय झालं, कुठं झालं, काही नाही. मी अकोल्यात घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. निघा म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि अमरावतीची एसटी धरली. रूपाली ही माझ्या धाकट्या बहिणीची, वनिताची, विद्यार्थिनी. वरूडची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. वनिताच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि गेली काही वर्षं जवळजवळ तिच्याच घरी राहत होती. एरवी ती बोलायला लागली की शेजारच्या खोलीत ऐकू जातं. त्या सकाळी तिचा आवाज इतका सपाट होता की मी पुढं काही विचारलंच नाही.

अकोल्याहून अमरावतीला जाताना मध्ये मूर्तिजापूर लागतं. आम्ही दोघी तिथं वाढलो. बाबा रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते, यार्डाच्या कडेला क्वार्टर होतं, आणि शकुंतला ही छोटी गाडी सुटायची वेळ झाली की आईला चहा ठेवायची वेळ कळायची. एसटी स्टँडवर थांबली, भजेवाले खिडकीशी आले, आणि मला एकदम वनी दिसली... सात-आठ वर्षांची, खिडकीतल्या काचेच्या ग्लासापुढं बसलेली. ग्लासात दोरा सोडलेला आणि दोऱ्याला लोंबणारा तुरटीचा खडा. तो रोज वाढतो, त्याचे कोपरे आपोआप सरळ होतात, हे तिला कुणीतरी शाळेत सांगितलं होतं. ग्लासाला कुणी धक्का लावला तर रडून घर डोक्यावर घ्यायची. इकडं बाबांचा दाढीच्या तुरटीचा तुकडा दिवसेंदिवस लहान होत चालला होता. बाबांना ते कळत होतं. त्यांनी एका रविवारी बाजारातून तुरटीचा मोठा खडा आणला, अर्धा आपल्या डब्यात ठेवला, अर्धा तिच्या ग्लासाजवळ ठेवला. अमरावतीला उतरून रूपालीला फोन केला; तिनं सांगितलेल्या दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा ती दारात उभी होती. माझ्या हातातली पिशवी घेऊन तिनं नुसती मान हलवली. दम्याचा झटका पहाटे आला होता. वनी मी निघायच्या आधीच गेली होती.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, मोठी विदुषी होती म्हणतात, आणि मग हळूच विचारतात, त्या नेमकं करत काय होत्या? हा प्रश्न मीही तिला वर्षानुवर्षं विचारला. मी अकोल्यात मराठी शिकवण्यात जन्म घालवला; रसायनशास्त्राशी माझा संबंध फिनाइलपुरता. तरी जमेल तसं सांगते, कारण त्याशिवाय वनी सांगता येत नाही.

एम.एस्सी. झाल्यावर ती अमरावतीच्या एका कॉलेजात लागली. त्या दिवसांतली वनी म्हणजे प्रयोगशाळा. सुट्टीत अकोल्याला आली तरी तिच्या ओढणीला कसला ना कसला वास असायचा. आई म्हणायची, पोरगी दवाखान्यातून आल्यासारखी येते. वनीला तो वास आवडायचा. एखादा पदार्थ द्रावणातून खाली बसताना रंग कसा बदलतो, हे ती जेवताना हातातला घास तसाच ठेवून सांगायची. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "वेळच नाई भेटला" म्हणायची, आणि तिच्याकडं बघून ते खरंही वाटायचं.

मग खोकला सुरू झाला. आधी प्रयोगशाळेतून बाहेर आल्यावर, नंतर आत शिरल्या शिरल्या. आधी तिनं सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं. एकदा विद्यार्थ्यांसमोर श्वास कोंडून खाली बसली तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तिच्या शरीरानं काही वाफांशी कायमचं वैर धरलं आहे. औषधं आहेत, पण प्रयोगशाळा सोडावी लागेल... थोडे दिवस नाही, कायमची. यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं. कॉलेज ऐन भरात असताना ती एक दिवस बॅग घेऊन अकोल्याला माझ्या दारात उभी राहिली. काहून आली वं, असं मी विचारलं. अशीच, म्हणाली. आई तेव्हा गेलेली होती आणि बाबा माझ्याकडं राहायचे. तिनं सगळं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवताना, बाबांच्या समोर, भाजीत काय घातलंय हे सांगावं तितक्या साध्या आवाजात. बाबा बराच वेळ भाकरी मोडत राहिले.

"मंग दुसरी खोली माग," ते म्हणाले.

"खोली नाई बाबा, माहा धंदाच गेला."

"तू खोली तं माग आधी."

तिला राग आला. जेवण अर्धं टाकून उठली. बाबांना काय कळतं, असं मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, आणि मग ओट्याला टेकून पहिल्यांदा रडली. पण परत गेल्यावर तिनं खोली मागितली. मोडक्या बाकांनी भरलेली, लायब्ररीच्या मागची, पण रसायनांपासून लांब. तिथं तिनं एक कॉम्प्युटर ठेवून घेतला. नागपूरला एका कार्यशाळेत तिनं पाहिलं होतं की रेणू कॉम्प्युटरवरही हलवता येतात. तिथं बाटली नाही, वाफ नाही, वास नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा पहिलीत बसली. प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केली, तिच्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलामुलींबरोबर, क्लासमध्ये मागच्या बाकावर. अर्धं समजायचं नाही. तिथली मुलं तिला आंटी म्हणायची आणि ती ऐकून घ्यायची.

एकदा मी हट्टाला पेटले, म्हटलं, मला समजेल असं सांग. आम्ही माझ्या गच्चीवर पापड वाळत घालत होतो. ती म्हणाली, ताई, आपल्या घरात कोण कोणाजवळ बसतं आणि कोण कोणाचं तोंड पाहत नाही, हे तुला माहीत आहे ना? मग मामाच्या प्रल्हादच्या पोरीच्या लग्नात पंगत बसली तर कोण कुठं बसेल, हे तू न जाताही सांगू शकशील. रेणूचंही तसंच. कुठला अणू कोणाला किती ओढतो, किती ढकलतो, दोघांमधला बंध किती ताणला जातो, किती पिळला जातो, याचे आकडे आधी ठरवून कॉम्प्युटरला द्यावे लागतात. त्या आकड्यांच्या संचाला बलक्षेत्र म्हणतात. आकडे बरोबर असले तर कॉम्प्युटरमधला रेणू खऱ्यासारखा वागतो. नवीन औषध शरीरात कुठं जाऊन बसेल, हे बाटलीत करायच्या आधी पाहता येतं. आणि आकडे चुकले तर? मी विचारलं. तर मावशीच्या शेजारी काकू बसवल्यासारखं होईल, ती म्हणाली. आमची मावशी आणि काकू पंधरा वर्षं बोलत नव्हत्या, त्यामुळं मला बलक्षेत्र तिथंच कळलं.

मूर्तिजापूरच्या मावशीनं मात्र वनी दिवसभर आकडे लावते एवढंच ऐकलं. आमच्याकडं आकडा लावणं म्हणजे मटका, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. तिनं बाबांना निरोप धाडला की पोरीला आवरा, नोकरी जाईल. बाबा पुढं कित्येक महिने वनी आली की विचारायचे, काय वं, लागला का आकडा?

आकडा लागायचा तो प्रल्हादमुळं लागला. प्रल्हाद आमचा मामेभाऊ, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात मजुरी करणारा. एका सप्टेंबरात दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करून घरी आला आणि अंगणातच कोसळला. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. अकोल्याच्या दवाखान्यात आणला. वनी अमरावतीहून आली आणि त्याच्या खाटेजवळ बसून राहिली. आम्ही बाकीचे देवाला नाहीतर नशिबाला विचारत होतो. ती डॉक्टरांना विचारत होती. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी तिला सांगितलं की हे विष शरीरातल्या एका कामाच्या रेणूवर जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. उतारा आहे, तो विषाला तिथून ओढून काढतो, पण फवारणीची काही औषधं उताऱ्यानं सुटतात आणि काही सुटत नाहीत. का सुटत नाहीत? वनीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, मॅडम, ते तुम्हीच लोकांनी शोधायचं. प्रल्हाद वाचला. काही दिवसांनी हिंडाफिरायला लागला. वनी परत गेली ती तो प्रश्न घेऊन.

तिला कळलं की अशा विषांमध्ये फॉस्फरस आणि गंधक यांचा जो जोड असतो, त्याचे धड आकडेच तिच्या हातातल्या बलक्षेत्रात नाहीत. कुणीतरी दुसऱ्याच एका रेणूचे आकडे तिथं आणून ठेवले होते. "उसने आनलेले हाय," ती मला म्हणाली, "शेजाऱ्याची चप्पल घातल्यासारखे. चालता येते, पन चाल बिघडते." मग हे आकडे ठरवायचे, हे तिचं काम झालं. त्यासाठी ती ज्या सॉफ्टवेअरवर आली ते खुलं होतं. म्हणजे ते कुणा कंपनीच्या कुलुपात नाही. जगभरातले लोक मिळून ते लिहितात, ते कुणालाही घेता येतं, आत डोकावता येतं, चूक दिसली तर सुधारून पाठवता येते. पाठवलेलं मात्र लगेच आत जात नाही. बाकीचे तपासतात, प्रश्न विचारतात, आणि हे सगळं उघड्यावर, चारचौघांत. वनीनं पहिल्यांदा पाठवलेलं परत आलं. खाली प्रश्नांची रांग होती. हे असं का केलं? ते तसं का नाही? तिला ते फार लागलं. आमच्या वाट्याला जन्मभर जे 'का' आणि 'कसं' आलं, त्यात अपमान बराच असायचा. त्यामुळं साध्या प्रश्नातही तो आधी दिसायचा. ती म्हणाली, मला वाटलं सोडून द्यावं. मग दोन दिवसांनी पुन्हा वाचलं तर लक्षात आलं की ते सगळ्यांनाच असं विचारतात, मोठमोठ्या प्राध्यापकांनाही. "काहून म्हनून विचारतेत, बस. तू कोन, हे नाई विचारत." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांत सगळ्यात चिवट होती लुसिया. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात राहणारी, वनीच्याच वयाची संशोधक. वनी तिला लुसियाबाई म्हणायची. दोघींचं आधी लिहून, मग व्हिडिओवर बोलणं सुरू झालं. पहिल्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी वनीनं इस्त्रीची साडी नेसली आणि बोलणं सुरू होताच अमरावतीची लाइट गेली. पुढं हे इतक्यांदा झालं की लुसियाबाईंना आमचे दोन शब्द पाठ झाले. पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला की त्या तिकडून आपल्या सुरात विचारायच्या, "लाइट गेली?" वनीनं पाठवलेले आकडे अखेर मान्य झाले, जगभर गेले. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते वापरू लागली. उताऱ्यावर काम करणाऱ्या लुसियाबाईंच्या गटानंही ते घेतले. त्या वर्षी वनी अकोल्याला आली तेव्हा प्रल्हादसाठी शर्टाचं कापड घेऊन आली. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं शर्ट शिवला.

आता मला जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं. कॉलेजात तिच्या प्रोफेसरपदाच्या मुलाखतीचे दिवस जवळ आले होते. अर्जात सगळ्यात वर हेच काम होतं. आणि त्याच सुमारास एका दुपारी जुनं काम चाळताना वनीला स्वतःची चूक सापडली. आकडे ठरवण्यासाठी रेणू एका बंधाभोवती थोडा थोडा फिरवत न्यायचा असतो आणि प्रत्येक वळणाला त्याला किती जोर लागतो हे मोजायचं असतं. तिच्या रेणूंपैकी एकात अणूंचा क्रम एका घरानं सरकला होता, आणि तिनं तो रेणू हव्या त्या बंधाभोवती न फिरवता त्याच्या शेजारच्या बंधाभोवती फिरवला होता. आकडे दिसायला ठीक होते, म्हणून कुणालाही शंका आली नव्हती. तिलाही आली नव्हती.

ती त्या शनिवारी अकोल्याला आली. तिच्या विभागप्रमुखांनी तिला सांगितलं होतं, मॅडम, मुलाखत होऊन जाऊ द्या, मग कळवा, कोण बघतंय. ते वाईट अर्थानं बोलले नव्हते. मलाही तेच वाटलं. बाबा तोवर वारले होते. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. मी तिला म्हटलं, थोडी थांब. ती ऐकेना, तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं जे आम्ही दोघींनी जन्मभर मनात ठेवलं होतं.

"त्यायनं चूक केली तर ते चूक होते, वनी. आपन केली तर ते आपली जात होते."

गॅसवर दूध होतं, ते वर आलं, तिनंच उठून उतरवलं. मला वाटलं, पटलं. मग पाठमोरीच म्हणाली, "माईत हाय मले. तुह्याइतकंच माईत हाय. पन त्या आकड्यावर आज कोनीतरी काम करून राहिलं असन, ताई. त्याचे दिवस जाऊन राहिले. त्याले काय सांगू, माही मुलाखत होऊ दे म्हनून?"

सोमवारी तिनं त्या उघड्या चव्हाट्यावर लिहून टाकलं. चूक माझी आहे, अमुक ठिकाणी आहे, इतक्या दिवसांपासून आहे, हे आकडे वापरू नका, मी नवे करते आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि कॉलेजचं नाव.

तिकडच्या लोकांनी आभार मानले. कुणी वाकडं बोललं नाही. पण लुसियाबाईंच्या एका विद्यार्थ्याचं कित्येक महिन्यांचं काम त्या आकड्यांवर उभं होतं आणि ते सगळं टाकून द्यावं लागलं. लुसियाबाईंनी दोन ओळी लिहिल्या. कळवल्याबद्दल धन्यवाद, आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. त्यानंतर त्या गप्प. कॉल बंद, लिहिणं बंद. इकडं मुलाखतीत समितीतल्या एकानं विचारलं की तुम्ही स्वतःच लिहिलंय ना, तुमचं काम चुकीचं आहे? वनी म्हणाली, एका रेणूचा एक बंध चुकला होता, तो मी सुधारला. समितीतले लोक एकमेकांकडं पाहून हसले, असं तिनं मला सांगितलं. त्या वेळी तिला पद मिळालं नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये काय बोललं गेलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा दोघींना ते शब्द न ऐकता माहीत होते.

पण मला सांगायला हवं की त्या दिवसांत तिला पद गेल्याचं दुःख मी पाहिलं नाही. लुसियाबाईंचं पाहिलं. फोनवर मी काही विचारलं की ती म्हणायची, बाईनं अजून काही लिहिलं नाही. एखाद्या मैत्रिणीशी भांडण व्हावं तसं. आणि भांडण तरी कुठं झालं होतं... चूक होती, तिची किंमत दुसऱ्या कुणाच्या विद्यार्थ्यानं भरली होती, आणि यात समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. वनी नवे आकडे करत राहिली. रूपाली त्याच सुमारास तिच्याकडं आली. आपण रेणू फिरवायचा, मोजायचा, रूपालीनं तो वेगळा, स्वतंत्र फिरवायचा, दोघींचं जुळलं तरच पुढं जायचं, अशी शिस्त तिनं लावली. तो पावसाळा, ती दिवाळी, तो उन्हाळा असाच गेला. नवे आकडे तिनं पाठवले. दुसऱ्या दिवशी खाली पहिला प्रश्न आला, हे असं का केलं? विचारणारी लुसिया. वनीनं मला शाळेत फोन केला, शिपाई वर्गातून बोलवायला आला, मी घाबरून धावत ऑफिसात गेले. "ताई, बाईनं काहून म्हनून विचारलं," ती म्हणाली, आणि मला हसावं की रागवावं कळेना.

पुढं सगळं नीट झालं. नव्या आकड्यांवर लुसियाबाईंच्या गटानं काम पुरं केलं. काही विषं उताऱ्यानं का सुटत नाहीत, यातला थोडासा भाग त्यातून कळला. थोडासाच, वनी कधी याहून मोठा शब्द वापरायची नाही. प्रोफेसरपद पुढच्या खेपेला मिळालं. तिनं ते मला इतर बातम्यांच्या मध्ये सांगितलं, रूपालीच्या घरून आलेल्या संत्र्यांच्या आणि बंद पडलेल्या गिझरच्या मध्ये.

आमची शेवटची भेट थंडीतली. मी अमरावतीला तिच्याकडं चार दिवस राहिले. खोकला होता, पण तो नेहमीचाच म्हणून आम्ही दोघींनीही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. दुपारी उन्हात बसून तिनं मला डोक्याला तेल लावायला सांगितलं. तिचे केस किती विरळ झाले आहेत, हे मला तेव्हा हाताला कळलं. आम्ही बाबांच्या गोष्टी काढल्या. निघताना ती एसटी स्टँडपर्यंत आली आणि कंडक्टरला, ताईला खिडकी द्या, असं सांगून गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या अमरावतीच्या घरी माणसं मावेनात. विहारातून भंतेजी आले होते. कुणीतरी फोटोपुढं अगरबत्ती पेटवायला घेतली आणि मी पटकन हात धरला. मेणबत्ती चालेल, अगरबत्ती नको. मावशीची सून म्हणाली, आता त्यायले काय तरास होते? बरोबर होतं तिचं. तरी मी म्हटलं, राहू दे. प्रल्हाद शेजारी उभा होता, आता पुरता म्हातारा दिसतो. त्यानं अगरबत्तीचा पुडा उचलून बाहेर ओसरीवर नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी लुसियाबाईंचा कॉल आला. रूपालीनं मध्ये बसून दोन्हीकडचं सांगितलं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पांढरे केस आखूड कापलेले, चष्मा गळ्यात. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि रूपाली सांगायचीच थांबली. मी तिला हलवलं तेव्हा म्हणाली, बाई विचारतायत, वनितामॅडम केवढ्या उंच होत्या? त्यांनी मॅडमना कायम बसलेलंच पाहिलंय. मी उठून उभी राहिले आणि माझ्या खांद्याच्या जरा खाली हात धरून दाखवला. इतकी. लुसियाबाईंनी चष्मा लावला, पडद्याच्या जवळ येऊन नीट पाहिलं, आणि मान हलवली.

मी अजून अमरावतीतच आहे. घर रिकामं करायचं म्हणून राहिले, पण रूपालीचा प्रबंध पुरा व्हायचा आहे आणि तिचं सगळं काम वनीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा ती खोली तशीच ठेवली आहे. मी बाहेर कपडे आवरते, ती आत काम करते. परवा सकाळी ती नवे आकडे पाठवत होती, वनी गेल्यानंतरचे पहिले. एकाएकी तिचा हात थांबला. मी दारातून विचारलं, लाइट गेली का? तिनं नाही म्हटलं आणि मला जवळ बोलावलं. पडद्यावर लाल रंगात एक ओळ आली होती. तिनं मग समजावून सांगितलं. आपल्या त्या चुकीनंतर वनीनं सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी लिहून ठेवली होती. कुणीही, जगात कुठूनही, आकडे पाठवले की ती आधी पाहते, रेणू हव्या त्याच बंधाभोवती फिरवलाय ना. नसला तर अडवते. त्या वेळी दिसणारी ओळही वनीनंच लिहिलेली. ओळ इंग्रजीत होती, पण रूपालीनं मराठीत सांगितली तेव्हा मला तिच्यात माझी बहीण स्पष्ट ऐकू आली. रागावू नका, पण एकदा पुन्हा पाहता का? तुम्ही शेजारचा बंध तर फिरवत नाही ना?

"मॅडमनं पकडलं मले," रूपाली म्हणाली. डोळे पुसले, ओढणी खांद्यावर टाकून खुर्ची पुढं ओढली, आणि आपला रेणू उघडून अणू पहिल्यापासून मोजायला लागली. चूक होती. शेजारचाच बंध होता.

मी चहा ठेवायला गेले.